दारी आलेला घोडा

१

दुपारी नवरा पुंडलिक सायकलवर टांग टाकून स्टील प्लांटच्या बी शिफ्टला गेला आणि लेक साधना शाळेत गेली, की सेक्टर 10 मधलं ते क्वार्टर एकट्या कौशल्याचं व्हायचं. भांडी घासायची, ओटा पुसायचा, मागच्या अंगणातले वाळलेले कपडे उचलून आणायचे आणि पंख्याखाली गार फरशीवर पाठ टेकायची. चारच्या चहापर्यंत मग कोणी हाक मारलेली तिला खपत नसे. लाखांदूरकडच्या शेतकऱ्याची लेक ती. बापाच्या घरी बाईमाणसाने दुपारी झोपणं म्हणजे पापच होतं. भिलाईला आल्यावर ते पाप तिने मनसोक्त करून घेतलं.

ही घडी मोडली तिच्या भावाने. राखीला तेजराम नागपूरहून आला तो भाचीसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन. सोबत तीन-चार कॅसेटी. एकीवर मोटारी, एकीवर माकड, आणि एकीवर नाव ना गाव, नुसतं झुपकेदार मिशीच्या राजाचं चित्र. साधनाला नेमकी तीच आवडली. तिचं आठवीचं वर्ष, त्यात गणिताची बोंब, आणि पोरगी शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता टीव्हीसमोर.

"डोळे फुटतीन तुये," कौशल्या म्हणाली.

"आई, रुक ना. लास्ट वाला बॉस है."

"बॉस म्हणजे तुह्या बाबाचा फोरमन. हा तर मुकुट घालून हाये."

साधनाने कपाळावर हात मारला आणि आईला खेळ समजावून सांगितला. एक गाव. वेशीवर धनुष्य घेतलेला एक तिरंदाज, तो आपण. राजा सगळी पृथ्वी जिंकत निघालेला. तो आधी घोडा पाठवतो आणि मागाहून स्वतः येतो. घोडा अडवला तर राजाशी लढायचं. इतकं कौशल्याला पोथीतल्या अश्वमेधामुळे ठाऊकच होतं. राजाशी लढून मात्र आजवर कोणीच जिंकलं नव्हतं. साधना नाही, गल्लीतलं एकही पोट्टं नाही.

"बाकीचे बॉस उड्या मारतात," साधना म्हणाली. "हा नुसता चालतो."

कौशल्याने पाहिलं. खरंच, तो चालतच होता. तलवार म्यानात, एक पाऊल, मग दुसरं. तो पडद्यावर आला की गाणं बंद पडायचं आणि उरायचा फक्त घोड्याच्या टापांचा आवाज. टक्. टक्. तिरंदाजाचे बाण त्याला लागायचे, पण त्याला त्याचं काही नव्हतं. मग तो जवळ यायचा आणि तिरंदाज नसायचा.

"बंद कर ते," कौशल्या म्हणाली. "जेवाले चल."

२

पोळ्याच्या दिवशी साधना शेजारीण गुलाबकडे बेसनाची ठेठरी घेऊन यायला गेली, ती तिथेच रमली. टीव्ही चालूच ठेवून गेली होती. कौशल्याने पाटावर मातीचे बैल मांडून पूजा उरकली. क्वार्टरात खरे बैल कुठून यायचे? पण पोळा तो पोळा. पुरणाचा नैवेद्य दाखवला, तांब्या आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन उठली, आणि टीव्ही बंद करायला वळली.

पडद्यावर घोडा उभा होता. एका झोपडीच्या दारात, मान खाली घालून. कपाळावर चमकती पट्टी. तिरंदाज बाजूला स्वस्थ होता आणि घोडा पुढे जात नव्हता की मागे.

आता बघा, त्या मुलखात पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेला बैल दारी येतो. तो कोणाचाही असो, अगदी भावकीतल्या वैऱ्याचा असो, घरच्या बाईने त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, घास द्यायचा. दारी आलेलं जनावर तसंच तिष्ठत ठेवलं तर घराला बरं नसतं. चाळीस वर्षं हातांना असलेलं वळण ते. कौशल्या स्वतःशीच हसली. "काय येडी हाव मी," म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी बोटांनी काचेवर शिंपडलं, घोड्याच्या पायांशी. कुंकवाचं बोट कपाळावरच्या पट्टीला टेकवलं. पुरणाचा कण काचेला लावला. मग दुसऱ्या हाताने, उगाच, गेमच्या रिमोटवरची दोन्ही बटणं एकदम दाबली.

तिरंदाजाने धनुष्य खाली ठेवलं आणि गुडघे टेकले.

राजा आला. चालतच आला. झोपडीसमोर थांबला, दाराकडे पाहिलं, आणि तलवारीला हातही न लावता पुढे निघून गेला. झोपडीवर एक निशाण चढलं. पुन्हा गाणं सुरू झालं, यावेळी वेगळं, मिरवणुकीचं.

साधना आली तेव्हा कौशल्या फुशारकीने म्हणाली, "तुया बॉसले मी पाया पडून जिंकलं."

"झूठ."

"आईची शप्पथ."

दोनच दिवसांत ती कॅसेट गल्लीभर फिरली, आणि कॅसेटीबरोबर कौशल्याची युक्तीही. लढू नका, घोड्याचे पाय धुवा, कुंकू लावा. गुलाबच्या घरी तर तिच्या सासऱ्यांनी, देवाजींनी, स्वतः ताट आणलं म्हणे. बाया नळावर हसायच्या: पोट्ट्यांना जे जमलं नाही ते कौशल्याबाईनं केलं. कौशल्याला बरं वाटायचं. का वाटू नये? आयुष्यात पहिल्यांदा तिने काही जिंकलं होतं.

३

मग गणपती आले आणि गेले. एका सकाळी कौशल्या दारापुढे सडा टाकून आत रांगोळीचा डबा आणायला गेली, बाहेर आली, आणि ओल्या मातीत तिला खूर उमटलेला दिसला.

एकच. फाटकाच्या आत, पायरीच्या अगदी जवळ, दाराकडे तोंड करून.

मोकाट गाई सेक्टरमध्ये कमी नव्हत्या. फाटक उघडं राहिलं की येऊन मोगरा खाऊन जायच्या. पण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हे कौशल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. हा खूर अखंड होता. गोल, समोर थोडा खोल.

लग्नाची घोडी असेल, तिने स्वतःला समजावलं. नवरदेवाची घोडी दुर्गहून येते, वरातीत नाचते, कुठेही शिरते. समजूत पटली, आणि अर्धी रांगोळी झाल्यावर हात थांबला. चातुर्मासात कोणाचं लग्न? या दिवसांत सबंध भिलाईत कोणाची वरात निघाली नव्हती.

तिने त्या खुरावर आणखी एक तांब्या ओतला आणि पायाने माती सारखी केली. दिवसभर मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. वरणात दोनदा मीठ पडलं. पुंडलिकने मुकाट्याने खाल्लं, आणि वर पाणी मागितलं.

त्या दुपारी ती आडवी झाली पण झोप लागली नाही. पंखा बंद करून तिने कान दिला. लांब प्लांटची घरघर, ती तर श्वासासारखी कायमचीच. आणि त्या घरघरीच्या आत, मागच्या बोळातून, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

पंखा लावला की ऐकू येत नव्हतं. तिने पंखा लावला.

४

कॅसेट फिरून घरी आली ती कोणत्या घरातून, हे साधनाला सांगता आलं नाही. "सबके पास थी," ती म्हणाली. दुपारी एकटी असताना कौशल्याने ती टीव्हीला जोडली. कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. सुजलेल्या दाढेकडे जीभ जाते ना, तसंच.

वेस नव्हती. तिरंदाज नव्हता. एका रांगेत घरं होती आणि प्रत्येकावर निशाण. झोपड्या कुठे गेल्या? ही घरं चौकोनी होती, दोन खिडक्यांची, पुढे कुंपण. तिसऱ्या घराच्या मागे एक झाड होतं, डाव्या अंगाला कललेलं. कौशल्याने मागच्या दारातून आपल्या पेरूकडे पाहिलं. मागच्या वादळात तो डावीकडे कलला होता, आणि पुंडलिकने त्याला टेकू दिला होता. पडद्यावरच्या झाडालाही टेकू होता.

खेळ बनवणाऱ्याने चार रेघा मारल्या, त्यात तुला तुझं घर दिसतं, तिने स्वतःला बजावलं. सगळी क्वार्टरं सारखीच असतात. कलतं झाड कोणाकडे नसतं?

राजा घरांपुढे उभा होता. पाठमोरा. वाट बघत असल्यासारखा.

पहिल्या घराचं दार उघडलं आणि एक ठिपक्याएवढा माणूस बाहेर येऊन कुंपणाशी उभा राहिला. मग दुसऱ्या घरातून एक जण आला. तो वाकलेला होता, हातात काठी, आणि पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. राजा थांबून राहिला. त्याला घाई नव्हती.

तिसऱ्या घराचं दार हलायला लागलं तसा कौशल्याने प्लग खेचला.

चारला ती चहापत्ती मागायच्या निमित्ताने गुलाबकडे गेली. देवाजी फाटकाशी उभे होते. एरवी दुपारचे खाटेवर पडून रेडिओ ऐकणारे देवाजी, काठी टेकून, डोक्याला धुतलेलं पागोटं बांधून.

"काकाजी, कुठं चालले?"

"बोलावणं येऊन राहिलं ना," देवाजी म्हणाले. आवाजात अगदी उत्साह होता.

"कोणाचं?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिनेच सांगायला हवं होतं. मागून गुलाब आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "चार दिवस झाले, असेच उभे राहतात वं. वय झालं. कोणाले सांगू नको."

५

पुंडलिकची शिफ्ट बदलून तो सकाळच्या पाळीला आला तेव्हा एका रविवारी दुपारी जेवताना कौशल्याने त्याला सगळं सांगितलं. खूर, आवाज, घरं, देवाजी. तो शांतपणे भात कालवत होता.

"राजा आपल्या क्वार्टरवर कब्जा करणार?"

"मस्करी नोका करू."

"पहिले टाउनशिपच्या ऑफिसातून अलॉटमेंट आणावी लागन त्याले. आमाले बारा वर्षं लागले." मग तिचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "अवं, देवाजी म्हातारे आहेत. घोडा कोणा ठेकेदाराचा असन. तू दुपारी झोपत नाही आजकाल, डोकं फिरते त्यानं."

बोलणं रास्त होतं. कौशल्या मान डोलावणार इतक्यात साधनाने घास हातात तसाच ठेवून मान वर केली.

"आया क्या?" ती म्हणाली.

"कोण?"

पण साधना उठली होती, उष्ट्या हाताने खिडकीशी गेली होती आणि गजांना कपाळ लावून गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीच्या दिशेने बघत होती. पाठीवरच्या दोन्ही वेण्या अगदी स्थिर. पुंडलिक हसला. "पाहा, तूनं पोरीलेही भेवाडलं."

कौशल्याने ताट बाजूला सारलं. इतके दिवस तिला भीती होती पण ती कशाची हे नीट दिसत नव्हतं. आता दिसलं. प्रत्येक घरातून एक. या घरात माणसं तीन, आणि त्या दाराआडून कोण बाहेर येतंय हे बघायच्या आधी तिने प्लग खेचला होता. घोड्याला कुंकू लावलं तिने, आणि जाणार पोर? हे तिला सहन होण्यातलं नव्हतं.

त्या दिवसापासून साधनाची वेणी घालताना ती नेहमीपेक्षा घट्ट घालू लागली. पोरगी ओरडायची, तरी घालायची.

६

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी गावातली सगळी पीडा मारबतीच्या पुतळ्यासोबत वेशीबाहेर घालवतात, ओरडत, पळसाच्या फांद्या घेऊन. तो दिवस वर्षातून एकदाच येतो आणि तो केव्हाच होऊन गेला होता. पण देव काय कॅलेंडर घेऊन बसतो? कौशल्याने कॅसेट फडक्यात बांधली, त्यात थोडं मीठ, थोडी राख, आणि भर दुपारी सेक्टर ओलांडून नाल्यापर्यंत चालत गेली. वाटेत कोणी विचारलं तर काय सांगायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

"इडा पिडा घेऊन जा गे मारबत," ती हळूच म्हणाली आणि गाठोडं नाल्यात टाकलं. ते बुडालं. ती मागे न बघता परतली, आंघोळ केली, आणि किती तरी दिवसांनी गाढ झोपली.

पुन्हा पुंडलिकला बी शिफ्ट लागली. साधनाने कॅसेटची चौकशीसुद्धा केली नाही, आणि हे कौशल्याला आधी बरं वाटलं, मग बरं वाटेनासं झालं.

एका दुपारी तिने बातम्या लागल्यात का बघायला टीव्ही लावला. गेमचा डबा कपाटावर, तार गुंडाळलेली. काच उजळली आणि त्यावर घरांची रांग होती.

आता जवळजवळ प्रत्येक कुंपणाशी एक ठिपका उभा होता. तिसऱ्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत, उंबऱ्याच्या अलीकडे, कोणीतरी. बाई की पोर, कळत नव्हतं. कौशल्या गुडघ्यांवर सरकत काचेजवळ गेली. जितकी जवळ गेली तितके नुसते ठिपके उरले.

आणि राजा वळला. आजवर तो नेहमी बाजूने दिसायचा किंवा पाठमोरा. समोरून त्याला चेहरा काढलेलाच नव्हता. मिशी होती, मुकुट होता, आणि मध्ये काचेत वाकलेल्या कौशल्याचंच प्रतिबिंब पडलं होतं.

तिने टीव्हीवर चादर टाकली, तडक शाळेत गेली आणि पोटदुखीचा बहाणा सांगून साधनाला घरी घेऊन आली.

७

"माझं पोट कुठे दुखतंय?" साधना कुरकुरली.

"गप बस. गणितं सोडव."

कौशल्याने पुढच्या दाराला आतून कडी लावली, कडीला पुंडलिकच्या सायकलचं जुनं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मागचं दारही लावून त्याला धान्याची कोठी टेकवली. साधनाला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायला घेतले. आज काही झालं तरी पोरीवरची नजर हलवायची नाही. राजा असो की राजाचा बाप असो.

साधना पेन्सिल चावत होती. पंखा फिरत होता. प्लांटचा भोंगा झाला, लांबवर कुठेतरी गाडीचे डबे एकमेकांवर आदळले, आणि ते सगळं निवल्यावर टापा ऐकू आल्या. बोळातून नाही. पुढच्या रस्त्यावरून. पंखा चालू असूनही.

साधनाने मान वर केली नाही. ती गणितातच होती. कौशल्याने देवाचे आभार मानले. मग तिला वाटलं, नुसतं बघून घ्यावं. घोडाच आहे ना, की कोणा ठेकेदाराचं खेचर? एकदा डोळ्यांनी पाहिलं की मनातली रुखरुख तरी जाईल.

गल्लीत ऊन मऊ पडलं होतं. देवाजी त्यांच्या फाटकाशी ताठ उभे होते, काठी बगलेत. समोरच्या क्वार्टरातल्या साहेबांच्या गालावर दाढीचा साबण तसाच होता. पलीकडच्या घरची सून कणकेचे हात घेऊन उभी होती. थेट टोकापर्यंत, प्रत्येक फाटकाशी एक जण, आणि सगळ्यांची तोंडं पाण्याच्या टाकीकडे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चेहऱ्यांवर भीती नव्हती. शिफ्टची बस यायची असली की माणसं जशी उभी राहतात तशी ती उभी होती.

आपल्या फाटकाशी कोणी नाही ना, हे बघायला कौशल्याने नजर वळवली. फाटकाशी कोणी नव्हतं. पुंडलिक प्लांटमध्ये, साधना घरात. तिच्या छातीवरचा दगड उतरला. फाटकावरची क्वार्टर नंबरची पाटी गंजली होती, तिला रंग मारायला पुंडलिकला सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. चौदा बी. चार पुसट झाला होता.

ती पाटी फक्त रस्त्याकडून वाचता यायची.

पायांखाली डांबर गरम होतं. किल्ली मुठीत होती आणि दुसऱ्या हातात ताट होतं, हळदीकुंकवाचं, तांब्यासकट. तांदळाचं सूप कुठे राहिलं ते तिला आठवेना.

"आई?" खिडकीच्या गजांमागे साधना उभी होती, हातात पेन्सिल. "बाहर क्यों खडी है? घरात ये ना."

येतो, म्हणायला कौशल्याने तोंड उघडलं. पाय वळले नाहीत. दूध तापवायचं राहिलं होतं, आणि पोरीची वेणी एका बाजूने सुटली होती, ती कोण घालणार? पण साधना कुंपणाच्या आत होती. गजांच्या आत होती. प्रत्येक घरातून एक, आणि या घरातून तो एक ती नव्हती. एवढं तरी आपल्या पदरात पडलं, असं कौशल्याला वाटलं, आणि तिने ताट नीट धरलं.

"आतून कडी लाव," ती म्हणाली. "बाबा आल्याबिगर दार उघडू नोको."

टाकीजवळच्या वळणावर उन्हात काहीतरी चमकलं, कपाळाच्या उंचीवर. देवाजींनी मान झुकवली. मग शेजारच्याने. कौशल्या आपली पाळी यायची वाट बघत राहिली, आणि मागे खिडकीतून साधना तिला हाका मारत राहिली.